अक्षरामागे चार रुपये

मिरजेत स्टेशन रोडला माझं दुकान.
बॅनर, बिल्ले, लग्नाच्या पिशव्या,
आणि सीझनला जर्सीवर नाव-नंबर.
अक्षरामागे चार रुपये, आकड्याला दहा.

अकरा पोरांच्या टीमला
अकराही दहा नंबर हवे असतात.
नावं तर दोनच. जगात जणू दोघंच खेळतात.
ती दोन नावं मी झोपेतही कापीन,
स्टेन्सिल खिळ्याला टांगलेत, कडा झिजल्यात.

यंदा याकोब भोरे सर आले,
रेल्वेतून रिटायर, गुडघ्याला पट्टा.
वहीचं पान पुढं केलं:
तालेमाओ. किरोवा. ओफुलेई. सेनितू.
खाली आणखी सात. एकही ओळखीचं नाही.
"कुठले हे?"
सरांनी नातवाच्या नकाशावर बोट ठेवलं.
बोट उचललं तेव्हा देश दिसला,
मोहरीएवढा.
त्याच्यावर त्याचं नाव मावत नव्हतं,
म्हणून छापणाऱ्यानं ते शेजारच्या समुद्रात टाकलं होतं.
मीही छापणाराच. मला ते पटलं.

"सगळा देश," सर म्हणाले,
"आपल्या उरसात उभा केला तर सापडायचा नाही.
गोलकीपर पोस्टात. बॅकचे दोघं भाऊ होड्या रंगवतात.
किरोवा शाळेत घंटा देतो.
तरी प्रसिद्ध."
मी म्हटलं, "एवढुशा गावात
प्रसिद्ध कोण नसतं, सर?"
सर हसले नाहीत.
"हरून आलं," म्हणाले, "की तिथं
लपायला दुसरी गल्ली नाही."

कृष्णाघाटचा श्रेणिक माप द्यायला आला होता.
हात वर धरूनच त्यानं विचारलं,
"चौफेर पाणी. मग बॉल गेला तर?"
आणि त्याचं त्यालाच आठवलं.
पुराच्या साली आठ दिवस गच्चीवर,
पाच चुलतभाऊ, एक शेळी, एक चेंडू.
तिसऱ्या दिवशी चेंडू कठड्यावरून गेला,
तांबड्या पाण्यात गिरक्या घेत
वाडीच्या दिशेनं.
"कुणी ओरडलं पण नाही. नुस्तं बघत राहिलो."
सर म्हणाले, "म्हणून ते बॉल जमिनीलगत ठेवतात."
खरं-खोटं सरांना ठाऊक.
पण त्या दिवसापासून पोरं चेंडू उचलेनात.

नावं इंग्रजीत हवी होती.
तालेमाओ इंग्रजीत सात अक्षरं, सात चोक अठ्ठावीस.
मराठीत चार. चार चोक सोळा.
सरांनी खिसा चाचपला.
मग मराठीतच.

सांगलीला पहिल्या फेरीतच हरले, तीन-एक.
पण तो एक!
माईकवाला पाठी वाचत होता,
"किरोवा... किरोवाकडून तालेमाओ...
तालेमाओ आत... अय्य गोल!"
आणि स्टेडियमच्या पायऱ्यांवर
भेळ खाणारी माणसं उठून
कधी न पाहिलेल्या माणसाच्या नावानं ओरडली.
तो तेव्हा कुठं असेल?
तिकडं रात्र असेल. झोपला असेल.

आता श्रेणिकला चहावाला किरोवा म्हणतो,
रिक्षावाले किरोवा म्हणतात,
परवा त्याची आईसुद्धा चिडून,
"किरोवा, दळण आणतोस का जाऊ मी?"

एक जर्सी पडून आहे. गोलकीपरची.
त्या पोराच्या बापाची हुबळीला बदली झाली,
मॅचच्या आदल्या आठवड्यात.
पैसे सरांनी दिलेत, पण न्यायला कुणी येत नाही.
दुकानात टांगलीय, पाठ रस्त्याकडं.
लोक थांबतात.
एकानं विचारलं, कुठल्या वॉर्डातून उभारलाय?
एक म्हातारी रोज वाचते, से-नि-तू,
बोट फिरवत, जोडाक्षर नाही म्हणून खूश होते.
"कोण रे हा?"
"पोस्टात असतो," मी म्हणतो.
"आपल्या?"
"नाही आजी. जरा लांब."